सह्याद्रीसाठी जीपीएसचे टोपो नकाशे: कुठून घ्यावेत, किती पैसे टाकावेत?

तुम्ही विचारलंय की हॅन्डहेल्ड जीपीएस घेतलाय, घाटवाटा करायच्या आहेत, तर तपशीलवार टोपो नकाशा (डोंगराचे चढउतार दाखवणारा) कुठून विकत घ्यावा. सह्याद्रीपुरतं सांगतो: एक रुपयाही टाकू नका.

हे मी आमच्या साडूंनाही सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. एका विक्रेत्याकडून (नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात नको) चांगले चार आकडी पैसे मोजून 'सह्याद्री टोपो'चं मेमरी कार्ड आणलं आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, खिरेश्वरला चहा पिताना यंत्र माझ्या हातात दिलं. "बघा, पाण्याचं टाकंसुद्धा दाखवतो. तुमच्या फुकटच्यात आहे का हे?"

मी बघितलं. टाक्यापुढे रोमन अक्षरांत लिहिलं होतं: 'मार्चनंतर कोरडं'. ते मी लिहिलंय! खालच्या वाडीतल्या एका ठाकर मामांना विचारून, टाक्यापाशी उभं राहून मोजणी घेऊन, ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेल्या मोफत नकाशावर, मी ते टाकलं होतं. शेजारची ढोरवाटही माझीच, तिचं प्रत्येक वळण मला पाठ आहे. विक्रेत्याला तिथूनच फोन लावला, तर म्हणाला, "सर, ते सगळं सॅटेलाइटवरून येतं." टाकं मार्चनंतर आटतं हे सॅटेलाइटला कोणी सांगितलं?

साडूंचं म्हणणं, ओपनस्ट्रीटमॅपच्या परवान्यात विकायला मुभा आहे ना, मग तुमचं दुखणं काय? मुभा आहेच. ती माहिती कोणीही विकू शकतो, पण ती कुणाची आहे हे लिहावं लागतं. त्या कार्डावर, डबीवर, आतल्या फायलीत, कुठेही एक अक्षर नव्हतं. वर त्यांचा ठेवणीतला मुद्दा: "पैसे मोजले की कोणीतरी जबाबदार असतो." कोण? दरड कोसळून ती ढोरवाट गेली, तेव्हा मोफत नकाशात मी त्याच आठवड्यात बदल केला. साडूंच्या कार्डावर ती वाट आजही ठणठणीत आहे.

कंटूरची, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची, गंमत वेगळीच. मोफत असो वा विकतचे, आपल्या भागाच्या अशा नकाशांतले कंटूर बहुधा एकाच ठिकाणाहून येतात. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीची जी उंची मोजली, ती माहिती. साधारण ३० मीटरच्या प्रत्येक चौकोनाला एकच उंची. आता कोकणकडा आठवा. तो माथ्याखाली आत वळलेला आहे, आणि अशा मोजणीत आत वळणं बसूच शकत नाही. उभा कडा तिथे नुसता तीव्र उतार होऊन जातो. विक्रेत्याने त्यावर '१० मीटर कंटूर' छापलं तर मधल्या रेषा संगणकाने अंदाजाने भरलेल्या असतात. नाळेतला (उभ्या अरुंद घळीतला) वीस फुटांचा कातळटप्पा त्यात दिसणार नाही. तो वाडीतल्या माणसालाच विचारावा लागतो.

बरं, करायचं काय? ओपनस्ट्रीटमॅपवरूनच बनवलेला ओपनटोपोमॅप नावाचा मोफत टोपो नकाशा आहे. गार्मिन कंपनीच्या जीपीएससाठी त्याची देशवार फाइल मिळते, कंटूरची वेगळी. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या मायक्रोएसडी कार्डावर 'गार्मिन' (Garmin) नावाचं फोल्डर करून .आयएमजी (.img) फायली त्यात टाका. जुन्या यंत्रांना फाइलचं नाव 'जीमॅपसप' (gmapsupp.img) हेच लागतं. जोडीला सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे ओपन सिरीज नकाशे पीडीएफमध्ये सरकारी पोर्टलवर मोफत आहेत, २० मीटर कंटूरचे. घळी आणि डोंगरधारा समजून घ्यायला मला ते आजही सगळ्यांत जास्त आवडतात. मात्र कोणी जुन्या टोपोशीटची झेरॉक्स दिली तर तिच्यावरचे अक्षांश-रेखांश यंत्रात जसेच्या तसे भरू नका. ती एव्हरेस्ट डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या जुन्या आधारावर) आहे, यंत्र डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या डेटमवर. आपल्याकडे शंभरेक मीटरचा फरक पडतो, आणि घाटमाथ्यावर शंभर मीटर म्हणजे काय ते तुम्हाला कळतंच.

ब्रिटनमध्ये फिरणार असाल तर माझं वरचं सगळं उलटं धरा. तिथे ऑर्डनन्स सर्व्हेचे १:२५,००० चे नकाशे पैसे देऊन घ्यावेत असेच आहेत. आणि संगणकाशी झटापट करायची अजिबात इच्छा नसेल तर आणा बापडे विकतचं कार्ड. पण कार्डच आणा: विकत घेऊन डाउनलोड केलेला नकाशा बहुतेक वेळा एकाच यंत्राला बांधलेला असतो, यंत्र बदललं की पैसे पाण्यात. कार्ड निदान दुसऱ्या यंत्रात घालता येतं.

तुमचं मॉडेल कोणतं ते लिहिलेलं नाही. गार्मिनचं ईट्रेक्स १० असेल तर हा प्रश्नच मिटला, त्यात असे नकाशे चढतच नाहीत.