मराठवाड्यात एकट्याने गाडीवर फिरायचंय? तेरणेचा काठ धरा

पहिल्यांदाच एकट्याने मोटारसायकलवर मराठवाड्याच्या आडरस्त्यांनी दोन-तीन दिवस फिरायचंय, कुठून आणि कधी जावं, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर बघायच्या ठिकाणांची यादी करू नका. एक लहान नदी निवडा आणि तिच्यासोबत जा. मी तेरणा निवडली होती. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरपासून ती मांजरेला मिळते त्या औराद शहाजानीपर्यंत, दोन मुक्कामांत, 100 सीसीच्या जुन्या गाडीवर. काठाला धरून सलग रस्ता नाही. पूल येईल तसं कधी या तीराला, कधी त्या.

तेरला घाई करू नका. संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून सगळे समाधीचं दर्शन घेऊन निघतात. पण हेच जुनं तगर, ज्याचा माल दोन हजार वर्षांपूर्वी पार रोमपर्यंत जायचा. इथलं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे, मागची बाजू अर्धगोल. दगडी देवळांच्या या मुलखात विटांचं इतकं जुनं बांधकाम बघून मी तिथेच तासभर बसलो.

आता रस्त्याचं. डांबरी कितीही खराब असो, गाडी निघते. खरी परीक्षा काळ्या मातीची. माकणी धरणाच्या पुढे मी जवळची वाट म्हणून एक पांदण धरली. कुणाच्या तरी उसाला सोडलेलं पाणी फुटून वाटेवर आलं होतं. पन्नास पावलांत पुढच्या मडगार्डमध्ये माती अशी गच्च बसली की चाक फिरेना. मी ताकद लावून ढकलत होतो. शेतातून एक आजोबा आले, म्हणाले, "ढकलू नगा, आनखी बसंल. मडगार खोला." चार बोल्ट काढले, तुराटीने माती खरवडली, मडगार्ड मागे बांधलं आणि निघालो. तेव्हापासून पान्हा डिकीत नाही, खिशात असतो. पावसाळ्यात तर पांदणीत शिरूच नका.

किल्लारी, सास्तूर या पट्ट्यात रस्ता विचारताना एक लक्षात ठेवा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, इथे भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली. 52 गावं उठवून दुसरीकडे वसवली. त्यामुळे एकाच नावाची जागा दोनदा भेटते. नवं गाव म्हणजे सरळ आखलेल्या गल्ल्या. जुनं म्हणजे बाभळी आणि मधूनच दिसणारे जोत्याचे दगड. लोकही विचारतात, "जुन्यात जायचं का नव्यात?" मी जुन्यात गेलो. गाडी लांब बंद करून चालत गेलो. तुम्हीही तसंच करा, आणि फोटो काढायच्या आधी कुणी जवळ असेल तर बोला.

अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, हे मात्र कळकळीने सांगतो. हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून जातात आणि पुष्कळांना मागे लाल दिवासुद्धा नसतो. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठा.

कधी जावं? मार्गशीर्षात, वेळ अमावास्येला धरून. शेतात पूजा करून तिथेच जेवायचा हा इकडचा सण. पेट्रोल आदल्या दिवशीच भरा, कारण त्या दिवशी गावंच्या गावं शेतात असतात, दुकानं बंद. किल्लारीच्या पुढे मी चाललो होतो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि दोन्हीकडच्या शिवारात माणसंच माणसं. एका मळ्यातून हाक आली, "पाव्हनं, गाडी लावा तितंच. आज जेवल्याबिगर जायाचं नसतंय." कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा झालेली होती. मग डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, गव्हाची खीर, आणि मातीच्या बिंदग्यातली गार आंबील. मी कोण, कुठला, हे तिसरा उंडा पानात पडल्यावर विचारलं. निघताना घरच्या मावशींनी चार उंडे फडक्यात बांधून टाकीवरच्या पिशवीत कोंबले. "सांजच्याला लागतील," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी औरादच्या संगमावर, पाण्यात पाय सोडून, ते खाल्ले.