गालांवर आणि पापण्यांवर खाजरे चट्टे येतात, जातात, परत येतात. हा एक्झिमा आहे का?

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांपासून गालांवर आणि पापण्यांवर कोरडे, खाजणारे चट्टे उठतात, आठवडाभरात ओसरतात आणि परत येतात. आई ॲलर्जी म्हणते, मैत्रीण फंगल म्हणते, आणि तुम्हाला कळत नाहीये की एक्झिमा ओळखायचा कसा. मी डॉक्टर नाही. ग्वाल्हेरला लश्करमध्ये राहते, शाळेत शिकवते. लहानपणी मला कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत इसब, म्हणजेच एक्झिमा, होता, पुढे वीस-बावीस वर्षं त्याचं नावही नव्हतं आणि पस्तिशीनंतर तो थेट चेहऱ्यावर आला. मी त्याला ओळखलंच नाही. त्यात माझं दीड वर्ष गेलं, म्हणून सविस्तर लिहिते.

इसब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घोट्यावरचा जाड, काळा पडलेला, लस गळणारा चट्टा येतो. चेहऱ्यावरचा इसब बहुतेक वेळा तसा नसतोच. सुरुवातीला फक्त चेहरा धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटते. मग गालावर हात फिरवला की रव्यासारखं खरखरीत लागतं. नेटवरच्या फोटोंत जो लालभडक चट्टा दिसतो तो गोऱ्या कातडीवरचा. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर तोच चट्टा तपकिरी, जांभळट, कधी राखाडी दिसतो, आणि ओसरल्यावर मागे फिकट किंवा काळसर डाग ठेवून जातो. त्या डागालाच वांग समजून लोक वांगाचं क्रीम चोळत बसतात. म्हणून आरशाइतकाच बोटांवर विश्वास ठेवा. सकाळी तोंड धुण्याआधी, उजेडात, बोटांच्या टोकांनी कपाळ, पापण्या, गाल, ओठांच्या कडा आणि कानामागचा भाग चाचपून बघा.

दुसरी खूण म्हणजे खाज. खाज नसेल तर एक्झिमाची शक्यता बरीच कमी होते. रात्री ती वाढते. मी झोपेत पापण्या चोळायचे आणि सकाळी डोळे सुजलेले असायचे. वर्षानुवर्षं चोळून भुवयांची बाहेरची टोकं विरळ होतात, खालच्या पापणीखाली एक जास्तीची घडी पडते. या दोन्ही खुणा त्वचारोगतज्ज्ञ मुद्दाम बघतात. लहानपणी इसब, घरात कुणाला दमा, सर्दी-शिंकांची ॲलर्जी असं काही असेल तर तेही सांगा, कारण ही सगळी एकाच कुळातली दुखणी. माझ्या आत्याला दमा होता, वडिलांना सकाळी उठल्यावर वीस-वीस शिंका यायच्या. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हे विचारलं तेव्हा मला नवल वाटलं होतं.

असं का होतं? कातडीचा वरचा थर म्हणजे विटा आणि चुना घालून बांधलेली भिंत. काहींच्या भिंतीत जन्मतःच चुना कमी असतो. फिलाग्रिन नावाचं एक प्रथिन कमी पडतं, आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचा साबण, धूळ, परागकण आत शिरतात. शरीर त्यांच्याशी भांडायला लागतं, तीच सूज आणि खाज. खाजवलं की भिंत आणखी ढासळते. आमच्या ग्वाल्हेरला डिसेंबर-जानेवारीत हाडं गोठवणारी कोरडी थंडी आणि मे महिन्यात लू, म्हणजे गरम वारे, दोन्ही या भिंतीचे वैरी. थंडीत कढत पाण्याने तोंड धुणं आणि रात्रभर हीटर लावून झोपणं, या माझ्या दोन सवयींनी सगळ्यात जास्त घात केला. पापणीची कातडी तर सगळ्या शरीरात पातळ, त्यामुळे तिथे आधी दिसतं.

आता चट्टा नेमका कुठे आहे ते बघा. माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती त्यातूनच मिळते.

नाकाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा, भुवयांच्या आत, केसांची कड, कानामागे, पुरुषांच्या दाढीत जर पिवळट, तेलकट सालपटं असतील आणि डोक्यात कोंडाही असेल, तर तो एक्झिमाचा सेबोऱ्हिक प्रकार. मॅलासेझिया नावाचं एक यीस्ट सगळ्यांच्याच कातडीवर असतं, त्याच्याशी याचा संबंध आहे, आणि उपचारही वेगळा, बहुतेकदा बुरशीविरोधी शाम्पू आणि क्रीम. याला खाज असते, पण मामुली.

पापण्यांवरच मुक्काम असेल तर मात्र हातांकडे बघा. नेलपॉलिशची ॲलर्जी नखांभोवती न दिसता पापण्यांवर दिसते, कारण दिवसभरात आपण नकळत कितीदा डोळ्यांना हात लावतो. केसांच्या डायमध्ये आणि काळ्या मेंदीत पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी कपाळाच्या कडेला, कानांवर आणि पापण्यांवर उठते, कधी दोन दिवसांनी, त्यामुळे डायवर संशयच जात नाही. आपल्या बायकांच्या बाबतीत आणखी एक जागा, दोन भुवयांच्या मधली. टिकलीच्या मागच्या गोंदाने तिथे गोल, खाजरा चट्टा येतो, काहींची कातडी तिथे पांढरीही पडते. बाजारातल्या रंगीत कुंकवानेही होतं.

आणखी एक, जे आमच्याकडे फार दिसतं. रेल्वेच्या कडेला, नाल्यांवर, रिकाम्या प्लॉटवर पांढऱ्या फुलांचं गाजर गवत माजतं. त्याचे कण हवेतून चेहऱ्यावर बसतात. उन्हाने होणारा त्रास आणि हा त्रास वेगळा कसा करायचा, ते मला डॉक्टरांनी आरसा धरून दाखवलं. ऊन वरच्या पापणीच्या घडीत, कानामागे, हनुवटीखाली पोचत नाही, त्यामुळे उन्हाचा चट्टा त्या जागा सोडतो. हवेतून येणारा कण सगळीकडे शिरतो, म्हणून त्याच जागा जास्त खराब होतात. तुम्ही शेताजवळ किंवा मोकळ्या मैदानाजवळ राहत असाल आणि पावसाळ्यापासून त्रास वाढला असेल तर हे जरूर सांगा.

नायटा किंवा गजकर्ण, म्हणजे तुमची मैत्रीण म्हणते ते फंगल, बहुधा एकाच बाजूला असतं, कड उठावदार असते आणि मध्ये कातडी साफ होत जाते. एक्झिमाची कड अशी आखीव नसते, तो शेजारच्या कातडीत विरून जातो, आणि बऱ्याचदा दोन्ही गालांवर असतो. गालांवर आणि नाकाच्या दांडीवर फुलपाखरासारखा चट्टा, उन्हाने वाढणारा, नाकाच्या बाजूच्या खाचा मात्र साफ, आणि सोबत सांधेदुखी, थकवा, तोंड येणं असं असेल तर घरी अंदाज करत बसू नका. ल्युपसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराची, तपासणी करून घ्यावी लागते. लहान मुलांच्या गालांवरचे फिकट, किंचित खरखरीत डाग हे सौम्य इसबाचंच रूप असतं. आपल्याकडे त्यांना जंत किंवा कॅल्शियमची कमी म्हणतात आणि पोराला जंताचं औषध पाजतात. ते कोडही नव्हे.

माझी चूक सांगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले होते. चेहऱ्यावरचे चट्टे पाहून प्रत्येकीने एकेक उपाय दिला: मुलतानी माती, सायीत लिंबू, कडुलिंबाचा पाला, सरसोंचं तेल. सगळ्यांच्या बोलण्यात माया होती आणि मी सगळं करून बघितलं. मातीने कातडी फाटली, लिंबाने आग झाली. मग एका मेडिकलवाल्याने न विचारता एक ट्यूब हातात ठेवली. तीन दिवसांत चेहरा नितळ! शाळेत मुली विचारायला लागल्या, मॅडम काय लावता. बंद केली की चौथ्या दिवशी दुपटीने उठायचं, म्हणून परत लावायची. असे नऊ महिने. शेवटी गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव वाढली, मुरमं आली, उन्हात पाऊल टाकलं की चेहरा पेटल्यासारखा व्हायचा.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती: बुरशीचं, जंतूंचं आणि क्लोबेटासॉल, म्हणजे सगळ्यात तीव्र गटातलं स्टिरॉइड. चेहऱ्याची कातडी औषध जास्त शोषते, तिथे हे लावायचंच नसतं. शिवाय फंगल असेल तर स्टिरॉइडने त्याची कड पुसली जाते, वरून बरं दिसतं आणि आत ते पसरत राहतं. मग डॉक्टरांनाही ओळखणं अवघड. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी मिळतात. तुमच्या घरात असलेली प्रत्येक ट्यूब आजच उलटून वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ते चेहऱ्यावर स्वतःच्या मनाने लावू नका. आणि महिनोन्महिने लावत असाल तर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर चेहरा भयंकर उसळतो. माझा उसळला होता.

मी शेवटी इथल्या जयारोग्य या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत गेले. रांग लांब होती, पण काम झालं. पापण्यांसाठी मला टॅक्रोलिमसचं मलम मिळालं, ते स्टिरॉइड नसतं. पहिले काही दिवस झोंबतं, हे आधी माहीत असेल तर माणूस घाबरून टाकून देत नाही. ॲलर्जी शोधायला पाठीवर पॅच टेस्ट केली. पट्ट्या ४८ तास ठेवतात, तेव्हा बघतात आणि ९६ तासांच्या सुमारास पुन्हा बघतात; तेवढे दिवस पाठ भिजवायची नसते. माझ्या पाठीवर पीपीडी उठलं. सहा वर्षं दर महिन्याला डाय लावत होते.

रोजचं काम साधं आहे: कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य क्लेन्झर, आणि चेहरा टिपून ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, बिनवासाचं मॉइश्चरायझर. थंडीत रात्री वरून साधी पेट्रोलियम जेली. ती स्वस्त आहे, आणि मुरमं नसतील तर सुंदर काम करते.

पण पुढचं काही दिसलं तर थांबू नका. चट्ट्यावर मधासारखी पिवळी खपली धरली, लस वाहू लागली तर जंतुसंसर्ग झालाय. ताप येऊन एकसारखे, मध्ये खड्डा पडलेले दुखरे फोड भराभर पसरले, तर तो नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो, आणि तो डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा. डोळा दुखणं, उजेड सहन न होणं यालाही तेच लागू.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी मेकअप, क्रीम काही लावू नका. चट्टा जोरात असतानाचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून ठेवा, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी तो हमखास ओसरलेला असतो. वापरत असलेल्या सगळ्या ट्यूब, टिकलीचं पाकीट, डायचा खोका पिशवीत घालून न्या.

आणि मला एवढं कळवा: वरच्या पापण्या जास्त खराब आहेत की खालच्या, नेलपॉलिश किंवा डाय लावता का, आणि आतापर्यंत कोणती ट्यूब लावली आहे? ट्यूबच्या पाठीमागची औषधांची नावं जशीच्या तशी इथे लिहा.