सॅक्सोफोन की बासरी?

प्रश्न: झाकीरभाईंच्या ‘मेकिंग म्युझिक’मध्ये सॅक्सोफोन कोण वाजवतंय? मला तर मधेच बासरी वाटली. (एक वाचक, दादर)

उत्तर: तो यान गार्बारेक, नॉर्वेचा जॅझवाला. अल्बम १९८७चा, त्यात हरिप्रसादजीही आहेत, म्हणजे बासरी वाटली ती खरंच बासरी असेल हो! आणि तो सॅक्सोफोनच निघाला, तरी तुमचा कान अगदीच चुकला असंही नाही, कारण हा गडी ओठांचा दाब सैल-घट्ट करत सूर असा सरकवतो की मींडच (एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरणं) वाटावी. पुढे पाकिस्तानचे गायक उस्ताद फतेह अली खान यांच्याबरोबर वाजवलं, मग १९९४ला ‘ऑफिशियम’ हा अल्बम आला, चार गायक चर्चमधलं शेकडो वर्षं जुनं संगीत गातायत आणि हा त्यात हळूच शिरतो. फक्त लोकलमध्ये ऐकू नका, रात्री लाइट घालवून ऐका.