तिसरी घंटा : माणसं यायला तयार आहेत

गेली ३१ वर्षं मी मराठी नाटकांचं व्यवस्थापन पाहतो आहे. तिकीट खिडकीवर बसलो आहे, दौऱ्याच्या बसमध्ये झोपलो आहे, ऐन पावसात सेटचा टेम्पो अडकला म्हणून प्रयोग पाऊण तास उशिरा सुरू केला आहे. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना इथे उत्तरं देतो. पहिल्या दोन प्रश्नांना जागा जास्त लागली आहे, कारण तेच प्रश्न मला खिडकीवरही रोज विचारले जातात.

आम्ही चौघं नाटकाला गेलो की तिकिटांचेच दोन हजार होतात. प्रवास आणि खाणं वेगळं. तेवढ्या पैशांत घरी कितीतरी महिने ओटीटी बघता येतं. मराठी नाटक मध्यमवर्गाचं राहिलं आहे का? की ते हळूहळू संपत चाललं आहे?
– एक वाचक, डोंबिवली

तुमचा हिशेब बरोबर आहे. पण हा ५०० चा आकडा आला कुठून, ते आधी सांगतो. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. त्याच्या वर गेलं की १८ टक्के लागतो. म्हणून बहुतेक निर्माते पुढच्या रांगांना ५०० लावून थांबतात आणि मागे ४००, ३००, बाल्कनीला त्याहून कमी ठेवतात. आता समजा प्रयोगाला ४०० माणसं आली आणि तिकीट सरासरी ३०० पडलं, तर गल्ला झाला एक लाख वीस हजार. त्यातून नाट्यगृहाचं भाडं, कलाकारांच्या नाइट (म्हणजे दर प्रयोगाचं मानधन), प्रकाश आणि ध्वनीवाले, रंगमंच कामगार, टेम्पो, बस, चहा-नाश्ता, पेपरातली जाहिरात आणि ऑनलाइन बुकिंगचं कमिशन. घरी जाताना निर्मात्याच्या खिशात काय उरतं ते मी अनेकदा जवळून पाहिलं आहे. पुष्कळ प्रयोगांना काहीच उरत नाही. तो पुढची तारीख लावतो, कारण त्याला नाटक करायचं असतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. नाटक संपत चाललेलं नाही. माणसंही यायला तयार आहेत. बिघडलंय ते हे, की माणसं राहायला गेली एकीकडे आणि नाट्यगृहं राहिली दुसरीकडे.

पूर्वी खुर्च्यांचा प्लॅन कागदाचा असायचा. विकलेल्या खुर्चीवर मी लाल पेन्सिलीने फुली मारायचो. दादरच्या खिडकीवर माणूस कुठली खुर्ची मागतो, त्यावरून तो कुठून आलाय हे मला ओळखू यायचं. शिवाजी पार्कचा माणूस मधली मागायचा. ‘कडेची द्या, दाराजवळची’ म्हणणारा बहुधा बदलापूरचा किंवा विरारचा. रात्री साडेआठचा प्रयोग सुटायला सव्वाअकरा होणार, आणि पडदा पडला की त्याला थेट स्टेशनवर पळायचं असायचं. वर्षागणिक माझ्या प्लॅनवर दाराजवळच्या रांगा आधी भरायला लागल्या. गिरणगाव रिकामं होताना मी त्या कागदावर पाहिलं आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या आणि चाळीतली माणसं कल्याण-विरारच्या दिशेने सरकली. माझं स्वतःचं घरही लालबागहून तुमच्याच डोंबिवलीला गेलं. पण १९६५ सालचं शिवाजी मंदिर नाट्यगृह दादरला आहे, साहित्य संघ गिरगावात आहे. परळचं दामोदर तर शंभरी पार करून २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झालं. तिथे चाकरमान्यांची मंडळं एका रात्रीपुरता हॉल घेऊन नमन (कोकणातली लोककला) आणि नाटकं करायची. वर्षभर वर्गणी काढून केलेला तो एक प्रयोग असायचा. त्या मंडळांना आज परवडेल असं दुसरं ठिकाण लालबाग-परळात कुणी दाखवून द्यावं. मला तरी माहीत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी अडचण वाराची. मी या धंद्यात आलो तेव्हा गुरुवारी, शुक्रवारी रात्रीही प्रयोग लागायचे आणि चालायचे. आता सगळा भार शनिवार-रविवारवर आहे. कलाकार आठवडाभर मालिकेच्या सेटवर असतात आणि प्रेक्षक लोकलमध्ये. त्यामुळे चाळीस नाटकांना रविवारची तीच दुपार हवी असते. त्यात नाट्यगृहं दुरुस्तीला काढली की तारखांसाठी अक्षरशः मारामारी होते. प्रभादेवीचं रवींद्र आणि ठाण्याचं गडकरी ही दोन्ही दुरुस्तीनंतर २०२५ साली पुन्हा उघडली. ती बंद होती तेव्हा चांगल्या, चालत्या नाटकांना महिन्यात दोन-तीन प्रयोगांवर भागवावं लागलं. नाटक सलग लागलं नाही की लोकांच्या तोंडी राहत नाही, आणि तोंडी राहिलं नाही की बुकिंग होत नाही.

माणसं येतात यावर माझा विश्वास का आहे, तेही सांगतो. करोनानंतर २२ ऑक्टोबर २०२१ ला नाट्यगृहं निम्म्या क्षमतेने उघडली. एकाआड एक खुर्चीवर आम्ही चिकटपट्टीची फुली मारली होती. तिसरी घंटा झाली, अंधार झाला आणि पडदा उघडायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या. निम्म्या भरलेल्या नाट्यगृहातून एवढा आवाज येऊ शकतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. विंगेत उभी असलेली आमची ज्येष्ठ अभिनेत्री पहिलं वाक्य विसरली. तिला ते मी सांगितलं.

तेव्हा तुम्ही चौघं दादरला येऊ नका. तुमच्याकडे सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. तिथे प्रयोग लागले की ३०० ची तिकिटं काढा. मागून नाटक उत्तम दिसतं. दिग्दर्शक तालमीत तिथेच बसून बघतो.

शुक्रवारी प्रदर्शित झालेला मराठी चित्रपट मंगळवारी बघायला गेले, तर उतरलेला. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, पब्लिक नव्हतं. मल्टिप्लेक्सला मराठी चित्रपट दाखवायची सक्ती आहे ना? मग असं का होतं?
– एक वाचक भगिनी, गोरेगाव

सक्ती आहे, पण तिच्यात पळवाट आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइममध्ये दाखवायला सांगितलं. आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हटलं होतं. त्यावर गदारोळ झाला आणि प्राइम टाइमची व्याख्या दुपारी १२ ते रात्री ९ अशी झाली. म्हणजे मंगळवारी दुपारी पावणेदोनला एक शो लावला तरी नियम पाळला गेला. त्या वेळी तुम्ही कामावर, मुलं शाळेत. कोण जाणार?

माझ्या भाच्याने दोन मित्रांबरोबर एक छोटा चित्रपट केला होता. पैसे स्वतःचे, काही नातेवाइकांचे, त्यात थोडे माझेही. उपनगरातल्या एका मल्टिप्लेक्सने सकाळी पावणेदहाचा शो दिला. शुक्रवारी आम्ही लॉबीत उभे राहून येणारी माणसं मोजली. अकरा. शनिवारी चौतीस. रविवारी पासष्ट, आणि त्यात दोन कुटुंबं अशी होती ज्यांना कुणीतरी फोन करून ‘बघाच’ म्हणून सांगितलं होतं. माणसं वाढत होती. सोमवारी सकाळी पोस्टरची चौकट रिकामी होती. भाचा त्या चौकटीसमोर बराच वेळ उभा राहिला. त्याने कुणाशी भांडण केलं नाही. भांडायला समोर कुणी नव्हतंच, शो आधीच संगणकावर ठरले होते.

मराठी चित्रपटाचा प्रेक्षक शुक्रवारी धावत सुटणारा नाही. तो आधी शेजारणीला विचारतो. २००४ साली ‘श्वास’ला राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळालं, त्याआधी त्या चित्रपटाचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका एकमेकींना सांगत, साड्या नेसून, बारा-पंधराच्या गटाने आल्या. बचत गट आले, भजनी मंडळं आली. तोंडातोंडी बातमी पसरायला आठवडा-दहा दिवस लागतात, आणि आजच्या पद्धतीत चित्रपटाचं नशीब पहिल्या तीन दिवसांत ठरतं. मराठी चित्रपटाचं खरं दुखणं हे आहे. कथा नाहीत, कलाकार नाहीत, हे मला कुणी सांगू नये. २०२५ च्या जानेवारीत रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘दशावतार’ आला आणि वयाच्या ८१ व्या वर्षी दिलीप प्रभावळकरांनी त्यात मुख्य भूमिका केली. कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या खेळावरचा चित्रपट, आणि मुंबईत लोक सहकुटुंब गेले. एकाच वर्षात असे दोन टोकांचे चित्रपट देणारी भाषा हलाखीत आहे असं मी म्हणणार नाही.

पण आपल्या निर्मात्यांनाही एक सांगायचं आहे. त्याच सप्टेंबरच्या १२ तारखेला एकाच शुक्रवारी तीन मराठी चित्रपट लागले. आधीच जे पाच-सहा शो मिळणार, ते आपणच तिघांत वाटून घ्यायचे? एकत्र बसून तारखा ठरवायला कुठल्याही सरकारी आदेशाची गरज नाही. नाटकवाले तारखांवरून कितीही भांडले तरी शेवटी एका टेबलाशी बसतात.

एकपडदा चित्रपटगृहांचा आधार होता, तोही कमी होत गेला. दादरचं चित्रा २०१९ मध्ये बंद झालं. चित्रपट दुसऱ्या, तिसऱ्या आठवड्यातही टिकवायचे ते अशाच थिएटरांनी, कमी तिकिटात. तुम्हाला एवढंच सांगेन : मराठी चित्रपट बघायचा ठरवला असेल तर तिकीट गुरुवारी रात्रीच काढा. आगाऊ बुकिंगचा आकडा त्या संगणकाला दिसतो. तुम्ही मनात ठरवलेला मंगळवार त्याला दिसत नाही.

माझा मुलगा कॉलेजच्या एकांकिकांमध्ये काम करतो. बक्षिसं मिळाली आहेत. आता नोकरी सोडून पूर्णवेळ नाटक करायचं म्हणतो. एक आई म्हणून मी काय करू?
– एक वाचक भगिनी, भांडुप

ताई, त्याला अडवू नका, पण नोकरी लगेच सोडू देऊ नका. एकांकिका हा खरा पाया आहे. ‘संगीत देवबाभळी’ आधी एकांकिकाच होती. प्राजक्त देशमुखांनी तिचं दोन अंकी नाटक केलं, भद्रकाली या नाट्यसंस्थेने २०१७ साली ते रंगमंचावर आणलं, आणि रंगमंचावर फक्त दोन स्त्रिया असलेलं ते नाटक अनेक वर्षं गाजलं. तेव्हा स्पर्धेतून व्यावसायिक रंगभूमीकडे वाट जाते, हे खरं.

पण व्यावसायिक नाटकात नवीन मुलाला नाइट मिळते ती प्रयोग झाला तरच. महिन्याला चार-पाच प्रयोग म्हणजे चार-पाच नाइट. त्यावर मुंबईत खोलीचं भाडं निघत नाही. म्हणून मुलं मालिकेकडे जातात. तिथे तेरा-तेरा तास चित्रीकरण, मग रात्री दहाला तालीम. माझ्या ओळखीची कितीतरी गुणी मुलं अशी दमून गेली. त्यांच्यात काही कमी नव्हतं.

त्याला विचारा, एखाद्या नाटकात सहा महिने बॅकस्टेज करशील का? सेट लाव, कपड्यांना इस्त्री कर, प्रॉपर्टीच्या टेबलावर नाटकात लागणाऱ्या वस्तू मोजून ठेव. तो हो म्हणाला आणि तिसऱ्या महिन्यातही आनंदात घरी आला, तर मला या सदराच्या पत्त्यावर कळवा. मी दोन-तीन निर्मात्यांशी बोलेन.

माझी आई ८४ वर्षांची आहे. तिला एकदा तरी पुन्हा नाटक बघायचं आहे, पण गुडघे साथ देत नाहीत. कसं जमवावं?
– एक वाचक, वडाळा

जमेल. दुपारी चारचा प्रयोग निवडा. तिकीट फोनवरून काढू नका, खिडकीवर स्वतः जा आणि आईचं वय सांगा. तळमजल्यावरची, पायऱ्या न चढता पोचता येईल अशी कडेची खुर्ची मागा. प्रत्येक नाट्यगृहाची रचना वेगळी असते, आणि कुठल्या दारातून किती पायऱ्या आहेत हे खिडकीवरच्या माणसाला पाठ असतं. अर्धा तास आधी या आणि दारावरच्या माणसाला सांगून ठेवा. पहिल्या घंटेआधी तो तुम्हाला आत सोडेल. मध्यंतरात त्यांना उठवू नका, गर्दी फार असते. बटाटेवडा आणि चहा तुम्ही जागेवर नेऊन द्या. कुणी हटकलं तर परवानगी मी दिली म्हणून सांगा.