कोल्हापुरात सांडपाणी प्रक्रिया केंद्रं असूनही पंचगंगेत मासे का मरतात?

मुख्य कारण सरळ आहे: सगळं सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही. जयंती नाल्याचं पाणी अडवून, पंपाने उपसून कसबा बावड्याच्या ७६ एमएलडी (दिवसाला ७६ दशलक्ष लिटर) क्षमतेच्या केंद्रात नेतात. दुधाळीला १७ एमएलडीचं वेगळं केंद्र आहे. वीज गेली, पंप बंद पडला किंवा वळीव जोरात झाला की नाला बांधावरून थेट नदीत. म्हणून क्षमतेच्या आकड्याआधी विचारा, पंपांना जनरेटर आहे का? जाळीत अडकलेलं प्लॅस्टिक रोज निघतं का?

केंद्रातही बिघडतं. टाकीत सोडायची हवा कमी पडली किंवा जादा गाळ वेळेवर काढला नाही, तर गाळ बसत नाही आणि पाण्याबरोबर बाहेर जातो. ओळखायला सोपं: टाकीतलं पाणी लिटरच्या मापात अर्धा तास ठेवा. वरचं पाणी नितळ आणि गाळाची रेघ स्पष्ट हवी.

उन्हाळ्यात नदीवरच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) असतात, पाणी तुंबतं. मैला कुजवणारे जिवाणू त्यातला ऑक्सिजन संपवतात. तो लिटरला २-३ मिलिग्रॅमखाली गेला की मासे तडफडतात, बहुतेकदा पहाटे, कारण रात्री शेवाळ ऑक्सिजन देत नाही, उलट वापरतं. बरगे एकदम काढले तर तळाचा काळा गाळ उसळून खालच्या गावांपर्यंत तेच होतं. त्यात इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगचं पाणी पुढे मिळतं, ते वेगळंच.

जलपर्णी मात्र प्रक्रिया केलेल्या पाण्यावरही वाढते. नायट्रोजन-फॉस्फरस वेगळे काढल्याशिवाय ती हटणार नाही.