माझा १६ वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा दिवसभर रील्स बघतो, जागचा हलत नाही. मोबाईल काढून घेऊ का?

ताई, नका काढून घेऊ. मी स्वतः ऑटिस्टिक आहे, कोल्हापूरचा, वय ३१. मला घराबाहेर काढलं ते मोबाईलनंच.

लहानपणी वडिलांनी तालमीत घातलं. कोल्हापूरच्या पोराला तालीम नको असू शकते, हे त्यांना पटेचना. अंगाला चिकटणारी लाल माती, दुसऱ्याचा घाम, वस्तादांची अचानक येणारी हाळी... तिसऱ्या दिवशी पळून आलो. शाळेत पीटीच्या तासाला संघ पाडताना मी शेवटी उरायचो. 'आळशी' हा शिक्का तेव्हाचा. ऑटिझममध्ये अनेकांचा तोल आणि हातापायांचा मेळ कच्चा असतो, हे फार उशिरा कळलं.

पंचविशीत यूट्यूबवर रंकाळ्याभोवती चालत चालत केलेला एक लांबलचक व्हिडिओ सापडला. चाळीसेक वेळा तरी बघितला असेल. शालिनी पॅलेस कधी येतो, संध्यामठ कुठून दिसतो, कुत्री कुठं बसतात, सगळं पाठ. मग एके दिवशी गेलो. नवीन काहीच नव्हतं, म्हणून जमलं.

पण पुढं आपटलोही. पावलं मोजणारं ॲप घेतलं, मित्रांच्या ग्रुपवर आकडे टाकायला लागलो आणि पहिला नंबर सोडवेना. घोटा सुजला तरी चालतच होतो. खोटं वाटेल, पण सूज आईनं दाखवली. दुखणं, तहान, थकवा यांचा निरोप आमच्यातल्या बऱ्याच जणांना उशिरा पोचतो. तुमच्या मुलाला असल्या ग्रुपांत घालू नका, आणि पाणी प्यायची वेळ ठरवून द्या.

आता एकच माणूस आहे, नाशिकचा, तोही ऑटिस्टिक. कधी भेटलेलो नाही. सकाळी सहाला तो 'निघालो' लिहितो, मीही 'निघालो' लिहितो. एवढंच. लय झालं.

आधी मुलाच्या शेजारी बसून तो काय बघतो ते बघा. रेल्वेचे रील असतील तर स्टेशनपर्यंत चालत जा. वाट तीच, वेळ तीच. फाटकापासून परत फिरला तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना, दिव्यांग मुलांनाही, रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. हा आकडा त्याच्या कानावर घालू नका. माझ्यासारखा असेल तर पायाला फोड आले तरी साठ पुरी केल्याशिवाय घरी यायचा नाही.

रात्री मात्र फोन मीही बाहेरच्या खोलीत ठेवतो, नाहीतर सहाचं 'निघालो' दहाला जातं.