'फक्त सही हवी, मॅडम'

प्रश्न: मी नाशिकची आर्किटेक्ट. गंगापूर रोडला छोटं ऑफिस आहे, प्रॅक्टिसला सतरा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला पक्षात देशपातळीवरचं पद मिळालं, तेव्हापासून त्याचा मुक्काम बहुतेक दिल्लीतच. आता ऑफिसात येणारे लोक नकाशा बघतच नाहीत. परवा एकजण पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून म्हणाला, "ड्रॉइंग तयार आहे, तुमची फक्त सही हवी, मॅडम." माझी ज्युनियर भिडस्त, तिनं पुडा घेऊनही टाकला. सासूबाई म्हणतात, कशाला ही दगदग, बंद कर. नवरा म्हणतो, तुझं तू ठरव. काय करू?
– एक वाचक, नाशिक

अगं बाई, आधी तो पुडा परत पाठव. मग पुढचं बोलू.

ऑफिस बंद करू नकोस. सासूबाई काळजीनं बोलतात, त्यांच्यावर चिडू नकोस. पण सतरा वर्षांचं काम दगदग म्हणून सोडून देण्यासारखं नसतं. मला खटकलं ते नवऱ्याचं 'तुझं तू ठरव'. ऐकायला किती मोठ्या मनाचं! पण तुझ्या दारात येणारी माणसं त्याच्यामुळे येतात. त्यांना तुझा पत्ता देणारे कार्यकर्तेही त्याचेच. बायकोच्या ऑफिसात कुणाला पाठवायचं नाही, हे त्यांना त्यानंच सांगायला हवं, आणि तेही तुझ्यासमोर. पुढच्या वेळी तो घरी आला की जेवण झाल्यावर हा विषय काढ. परवानगी मागू नकोस, त्याचं काम त्याला सांग.

आता तुझं काम. 1972 च्या कायद्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी आहे ती तुझ्या नावाची. दुसऱ्यानं काढलेल्या ड्रॉइंगवर सही केलीस, तर उद्या स्लॅबला तडा गेल्यावर लोक तुलाच शोधत येतील. पेढेवाला तेव्हा फोनही उचलणार नाही. शिवाय नवरा लोकसभेला उभा राहिला, तर शपथपत्रात तुझी मालमत्ता येणार. 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून बायकोच्या उत्पन्नाचा स्रोतही द्यावा लागतो. तेव्हा प्रत्येक कामाचं लेखी पत्र, प्रत्येक फीचं बिल.

सिंहस्थाच्या कामांकडे फिरकू नकोस. 2027 च्या तोंडावर नाशकात घाट आणि रस्त्यांची एवढी कामं निघाली आहेत, की कुणीतरी तुला 'कन्सल्टंट' करायला येणारच. महापालिकेचंही नको. गोदावरीच्या निळ्या पूररेषेतला, म्हणजे पुरामुळे बांधकामाला सहसा बंदी असलेल्या पट्ट्यातला, प्लॉट घेऊन कुणी आलं, तर चहा पाजून वाटेला लाव. जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्याची कुजलेली तुळई बदलायची असेल, इंदिरानगरात एखाद्या मास्तरांना दोन खोल्या वाढवायच्या असतील, ते घे. पैसे कमी मिळतील, खोटं कशाला सांगू.

अशा घरातली तू पहिली आर्किटेक्ट नाहीस. युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांच्या पत्नी ओलेना झेलेन्स्का आर्किटेक्चर शिकल्या खऱ्या, पण नवरा राजकारणात येण्याच्या कितीतरी आधीच विनोदी कार्यक्रमांच्या लेखनात रमल्या. त्यांची गोष्ट तुझ्या कामाची नाही. कोस्टारिकाच्या क्लॉडिया डोब्लेस यांची आहे. नवरा कार्लोस अल्वाराडो 2018 ते 2022 राष्ट्राध्यक्ष होते. या बाईंनी आपलं शिक्षण गुंडाळून ठेवलं नाही. शहर वाहतुकीचं काम अंगावर घेतलं, राजधानी सान होसेच्या इलेक्ट्रिक रेल्वेचा पाठपुरावा केला. रेल्वे त्यांच्या काळात झाली नाही, टीकाही झाली. पण जे केलं ते चारचौघांत, सगळ्यांना दिसेल असं. तुझ्याकडे येणाऱ्यांना नेमकं दार लावून बोलायचं असतं. दार उघडं ठेव, ज्युनियरला समोर बसव आणि "नकाशा दाखवा" म्हण. निम्मे तिथूनच परत फिरतील.

आणि हो, शिक्का टेबलावर ठेवत असशील तर आजच ड्रॉवरमध्ये घालून कुलूप लाव. ज्युनियर भिडस्त आहे म्हणालीस ना? मॅडम साइटवर असताना एखादा भाऊ गोड बोलून तिच्याकडून ठप्पा मारून घेईल.